समुदायाच्या नावाने केलेला दावा कसा तपासावा

‘समुदायाची ही इच्छा आहे’, ‘समुदायाला हे मान्य नाही’, ‘हा आमच्या समुदायाचा अंतर्गत प्रश्न आहे’ अशी वाक्ये निवेदनांत, न्यायालयांत, विधिमंडळांत आणि प्रचारसभांत सतत कानावर पडतात. ती ऐकल्यावर माणसे बहुधा दोहोंपैकी एका बाजूला झुकतात. काहींना समुदाय म्हटले की आपुलकी आणि परस्परसाहाय्य आठवते व पुढचे सगळे ते विनातक्रार मान्य करतात. काहींना त्यातच दडपशाहीचा वास येतो आणि ते तितक्याच घाईने दावा फेटाळतात. दोन्ही प्रकारांत तपासणी राहूनच जाते. ती कशी करावी, कोणते प्रश्न आधी विचारावेत आणि उत्तर मिळाले नाही तर त्यावरून काय समजावे, हे येथे मांडले आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग व्हावा, तसाच एखाद्या सभेत बसून ठरावाला हात वर करणाऱ्यालाही व्हावा.

दावा आधी सुटा करून लिहावा

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. दाव्याचे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि त्यातल्या ‘समुदाय’ या कर्त्याच्या जागी प्रत्यक्ष माणसे बसवून पाहावीत. कोणी ठरवले, केव्हा, कोणत्या बैठकीत, किती जण हजर असताना? ‘समुदायाचा विरोध आहे’ हे वाक्य उलगडल्यावर ‘सात जणांच्या कार्यकारिणीने सर्वसाधारण सभा न बोलावता विरोधाचे पत्र पाठवले आहे’ असे निघाले, तर निम्मी तपासणी तेथेच झाली. विरोध खोटा आहे असे त्यावरून ठरत नाही. मात्र तो कोणाचा आहे हे कळते, आणि पुढचे सगळे प्रश्न त्यावरच उभे राहतात.

मग पाहावे की येथे सामायिक काय आहे. काही समुदाय एका जागेवर किंवा एखाद्या कुरणावर, पाण्यावर, जंगलावर अवलंबून असतात. काही श्रद्धेने, भाषेने वा स्मृतीने बांधलेले असतात. काही केवळ एकत्र निर्णय घेतात म्हणून समुदाय ठरतात. फसगत होते ती एका प्रकारच्या सामायिकतेच्या बळावर दुसऱ्या प्रकारचा अधिकार मागितला जातो तेव्हा. एका भाषेची माणसे एका धोरणाबाबतही एकमत असतीलच असे नाही, आणि एका पाटाचे पाणी वापरणाऱ्यांनी एकमेकांच्या विवाहांवर देखरेख ठेवण्याचेही काही कारण नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ फर्डिनांड टॉनीज याने 1887 साली जिव्हाळ्याच्या नात्यांवर उभे असलेले सहजीवन आणि करार व हितसंबंधांवर चालणारा समाज असा भेद मांडला, आणि तेव्हापासून पहिल्याविषयीची ओढ राजकीय लेखनातून गेलेली नाही. हे दोन नमुने विचारासाठी कल्पिलेले आहेत. प्रत्यक्षातल्या बहुतेक संस्थांत दोन्हींची सरमिसळ असते, हे विसरले की गल्लत होते.

याच टप्प्यावर एक वाया जाणारा वाद टाळावा. राष्ट्रवादाचा अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन याने 1983 मध्ये राष्ट्राला कल्पित समुदाय म्हटले, कारण त्यातील बहुसंख्य माणसे एकमेकांना कधीच भेटत नाहीत, तरी आपण एक आहोत हे चित्र प्रत्येकाच्या मनात असते. त्या मांडणीचा आधार घेऊन ‘तुमचा समुदाय मुळी खराच नाही’ असे समोरच्याला सुनावण्याची खोड पुष्कळांना लागली. कल्पित म्हणजे खोटा असे त्याचे म्हणणे नव्हते. कर, सैन्य, मताधिकार आणि तुरुंग त्या कल्पनेवरच चालतात, आणि त्यांच्या खरेपणाबद्दल कोणाला शंका नसते. समुदाय अस्सल आहे की नाही यापेक्षा तो कोणता अधिकार मागतो आहे, या प्रश्नावर वेळ खर्च करावा.

सीमा कोणी आखली, कशासाठी आखली

प्रत्येक समुदायाला आत आणि बाहेर असतेच, म्हणून केवळ सीमा आहे एवढ्यावरून दोष देता येत नाही. विचारायचे ते हे, की ती कोणी आखली, कोणत्या अडचणीतून आखली आणि ज्यांना तिने बाहेर ठेवले त्यांना बोलायला कोठे जागा होती का.

जुने उदाहरण अथेन्सचे आहे. इसवी सन पूर्व 451 मध्ये तेथला प्रमुख नेता पेरिक्लीस याच्या प्रस्तावावरून तेथे असा कायदा झाला, की आई आणि वडील दोघेही अथेन्सचे नागरिक असतील तरच मुलाला नागरिकत्व मिळेल. पुढे साथीत पेरिक्लीसचे दोन्ही औरस पुत्र गेले. उरला तो मिलेटस नगरातून आलेल्या अस्पाशियाचा मुलगा, आणि तो याच कायद्यामुळे बाहेरचा ठरत होता. तेव्हा पेरिक्लीसला स्वतःच्या कायद्यातून सवलत मागावी लागली आणि नगराने ती दिली. ज्यांच्यामागे असे वजन नव्हते त्या घरांचे काय झाले असेल, याचा अंदाज वाचकानेच करावा. नागरिकत्वावर आजही ज्याचे विवेचन वाचले जाते तो अॅरिस्टॉटल स्टॅगिराचा होता. अथेन्समध्ये तो परदेशी रहिवासी म्हणून राहिला आणि त्या नगराच्या सभेत त्याला मत नव्हते. प्रत्येक नगरराज्य हा एक समुदाय असून तो कोणत्या तरी हितासाठी उभा राहतो, असे म्हणून त्याने राज्यविचाराला सुरुवात केली. स्त्रिया आणि गुलाम यांना मात्र त्या हिताच्या वाटेकऱ्यांत पूर्ण स्थान दिले नाही.

याच्या शेजारी स्वित्झर्लंडमधील टॉर्बेल या डोंगरी गावाची नोंद ठेवून पाहावी. तेथे 1517 सालापासून असा नियम होता, की हिवाळ्यात जितक्या गाई आपल्या चाऱ्यावर पोसता येतील त्यापेक्षा जास्त गाई कोणी सामायिक कुरणावर पाठवू नयेत. नियम मोडणाऱ्याकडून दंड वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या दंडाचा निम्मा भाग मिळे, त्यामुळे देखरेखीला आळस शिरत नसे. बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली तरी कुरणावर त्याला हक्क मिळत नसे. हीदेखील सीमाच, आणि बाहेरच्यासाठी कडकच. पण कुरण मर्यादित आहे, वापरणारे अमर्याद झाले तर ते उरणार नाही, हे कारण कोणासमोरही मांडता येते. पाहणाऱ्याने सीमेच्या कडकपणापेक्षा तिच्या कारणाकडे लक्ष द्यावे, आणि ते कारण बाहेर राहिलेल्या माणसासमोर उघडपणे सांगता येईल का, असे विचारावे.

सीमेला ‘परंपरा’ म्हटले जात असेल तर तिचे वय तपासणे हा एक सोपा, पण क्वचितच केला जाणारा उपाय आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधल्या सांता क्लारा प्वेब्लो या आदिवासी समुदायाचे प्रकरण 1978 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. समुदायाबाहेर लग्न करणाऱ्या पुरुषाची मुले सदस्य आणि बाहेर लग्न करणाऱ्या स्त्रीची मुले मात्र सदस्य नाहीत, असा तेथील नियम होता. एका आईने व तिच्या मुलीने त्याला आव्हान दिले. स्वशासित समुदायाच्या अशा नियमाविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दाद मागता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. स्वशासनाच्या बाजूने हा निर्णय महत्त्वाचा आहे आणि बाहेरच्या सत्तेने वारंवार लुबाडलेल्या लोकांना तो का हवा होता, हे समजण्याजोगे आहे. परंतु तो नियम 1939 चा होता. त्यापूर्वी अशी लग्ने थोडी होत आणि प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार केला जाई. ती वाढू लागल्यावर परिषदेने सरसकट नियम केला. समुदायाला नियम करण्याचा अधिकार आहे, असे म्हणणे वेगळे आणि हा नियम अनादी काळापासून चालत आला आहे, असे म्हणणे वेगळे. दुसरे म्हणणे तपासता येते, तेव्हा ते तपासावे.

कोण बोलतो आहे, आणि कोणाला विचारलेच नाही

माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वांत फलदायी प्रश्न हाच आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. पाचामुखी परमेश्वर हे खरे मानले, तरी ते पाच कोण आणि त्यांना कोणी निवडले, हे विचारायला हरकत नसावी.

प्रवक्त्याला अधिकार तीन वाटांनी मिळू शकतो: निवडून, परंपरेने, किंवा बाहेरच्या सत्तेने त्यालाच बोलणीसाठी बोलावल्यामुळे. तिसरी वाट सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत जास्त वापरली जाते. सरकारला किंवा पक्षाला प्रत्येक समुदायाशी बोलायला एक पत्ता हवा असतो. जो त्या पत्त्यावर सापडतो तोच पुढे समुदायाचा नेता ठरतो, आणि नेता ठरल्यावर समुदायातले मतभेद बाहेर न दिसणे ही त्याची गरज बनते. असा प्रवक्ता लबाडच असेल असे नव्हे. पण ज्याचे स्थान एकमताच्या चित्रावर अवलंबून आहे, त्याच्याकडून मतभेदांची माहिती मिळेल ही अपेक्षा भाबडी आहे.

अमेरिकेतच 1972 साली विस्कॉन्सिन राज्य विरुद्ध योडर या खटल्यात आमिश या ख्रिस्ती पंथाच्या पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवण्यास नकार दिला होता. राज्याचा कायदा मात्र सोळा वर्षे वयापर्यंत शाळा सक्तीची करणारा होता. न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळे मत नोंदवताना एक साधी गोष्ट दाखवून दिली: ज्या तीन मुलांच्या शिक्षणाबद्दल वाद चालला होता, त्यांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. उरलेल्या दोघांना काय हवे आहे हे कोणी विचारलेच नव्हते. धर्मस्वातंत्र्य विरुद्ध राज्य अशी मांडणी झाली की तिसरा पक्ष असा नकळत गळून पडतो. एरवी हा तिसरा पक्ष म्हणजे बहुधा तरुण, स्त्रिया, नव्याने आलेले, भूमिहीन आणि समुदायाच्या नियमाने शिक्षा झालेले. दाव्याचा परिणाम ज्यांच्यावर सर्वांत जास्त होणार आहे, त्यांची यादी स्वतः करावी आणि त्यांतील कोणाचे म्हणणे कोठे नोंदले गेले आहे ते शोधावे.

कागदपत्रे हाताशी असतील तर इतिवृत्त नीट वाचावे. ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ ही ओळ पुष्कळदा सवयीने लिहिली जाते. सभेची सूचना किती दिवस आधी निघाली, विषयपत्रिकेत हा विषय होता का, गणपूर्ती झाली होती का, मतदान आवाजी की गुप्त, विरोधात कोणी बोलले असल्यास त्याची नोंद आहे का, या गोष्टी पाहाव्यात. संवेदनशील विषयावर लागोपाठ अनेक सभांत एकही विरोधी मत नोंदलेले नसेल, तर तेथे एकमत असण्यापेक्षा बोलण्याची भीती असण्याची शक्यता मी अधिक धरतो. एकतेलाही मर्यादा असते हे अॅरिस्टॉटलने प्लेटोशी वाद घालताना सांगून ठेवले आहे: नगर अधिकाधिक एकजीव करत नेले तर एका टप्प्यावर ते नगर उरतच नाही, कारण ते मुळातच भिन्न माणसांचे बनलेले असते.

संरक्षण कोणापासून मागितले आहे

विल किमलिका या कॅनडातील विचारवंताने 1995 मध्ये केलेला एक भेद येथे फार उपयोगी पडतो. समुदाय बाहेरच्या बहुसंख्याकांपासून स्वतःची जमीन, भाषा किंवा संस्था वाचवू पाहतो, तेव्हा ते बाह्य संरक्षण होय. तोच समुदाय आपल्याच सदस्यांच्या मतभेदावर बंधन घालू पाहतो, तेव्हा तो अंतर्गत निर्बंध होय. पहिल्या मागणीला उदारमतवादी माणूस पाठिंबा देऊ शकतो, दुसरीला सहसा नाही. प्रत्यक्षात दोन्ही मागण्या एकाच निवेदनात, एकाच परिच्छेदात गुंफून येतात, म्हणून त्या सोडवून दोन वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात.

रकाना ठरवताना नियम कोणाचा आहे हेही पाहावे लागते, कारण कधीकधी समुदायाच्या माथी मारलेला नियम मुळात राज्याचाच असतो. सँड्रा लव्हलेस या कॅनडातील मालिसीट समुदायातील स्त्रीने बिगर-आदिवासी पुरुषाशी लग्न केले आणि देशाच्या इंडियन अॅक्ट या कायद्याने तिचा आदिवासी दर्जा गेला. पुरुषाने तसेच लग्न केले असते तर त्याचा गेला नसता. लग्न मोडल्यावर तिला आपल्या लोकांच्या राखीव भूमीवर राहण्याचा कायदेशीर हक्क उरला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 1981 मध्ये असा निष्कर्ष काढला, की आपल्या गटातील इतरांसह आपली संस्कृती जगण्याचा तिचा हक्क डावलला गेला आहे. 1985 मध्ये कॅनडाने तो कायदा बदलला. व्यक्तीचा हक्क आणि समुदायातले स्थान या दोन गोष्टी नेहमी एकमेकींविरुद्धच उभ्या असतात, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे प्रकरण अवश्य अभ्यासावे. तिला समुदाय नको होता असे नाही. तिला समुदायातच परत यायचे होते.

बाहेर पडण्याची किंमत मोजावी

‘ज्याला पटत नाही त्याने सोडून जावे’ हे समुदायाच्या बचावातले ठेवणीतले उत्तर आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये दाखवले, की असमाधानी माणसापुढे बाहेर पडणे आणि आवाज उठवणे असे दोन मार्ग असतात व निष्ठा या दोहोंवर परिणाम करते. बाहेर पडणे फार सोपे झाले तर सुधारणेसाठी भांडणारेच आधी निघून जातात. फार अवघड झाले तर उरलेल्यांच्या तक्रारीला कोणी भीक घालत नाही. म्हणून वाट आहे का एवढे विचारून थांबू नये. त्या वाटेने जाणाऱ्याला काय काय मागे टाकावे लागते, याचा हिशेब मांडावा: घर, रोजगार, वारसाहक्क, मुलांचा ताबा, अंत्यविधीला माणसे, बोलायला शेजारी.

हा हिशेब कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1970 साली होफर विरुद्ध होफर या खटल्यात उघडपणे आला. मॅनिटोबा प्रांतातील हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या एका वसाहतीत खासगी मालमत्ता नव्हती. शेती, घरे, जनावरे सर्व काही वसाहतीचे. काही सदस्यांनी दुसऱ्या पंथाची श्रद्धा स्वीकारली म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. आयुष्यभर केलेल्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेतला वाटा त्यांनी मागितला आणि न्यायालयाने तो नाकारला, कारण सदस्य होताना त्यांनी या अटी स्वीकारल्या होत्या. न्यायमूर्ती पिजन यांनी मात्र विरोधी मत दिले. धर्मस्वातंत्र्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य येते, आणि ज्याला धर्म बदलताच निष्कांचन होऊन बाहेर पडावे लागते त्याला ते स्वातंत्र्य मिळाले असे म्हणता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मला हे अल्पमत अधिक सयुक्तिक वाटते. बहुमताच्या बाजूनेही एक खरा मुद्दा उरतो, की प्रत्येक निघून जाणाऱ्याला वाटा द्यायचा ठरल्यास सामायिक मालमत्तेवर उभी असलेली जीवनपद्धती टिकणे कठीण होईल. पण पूर्ण वाटा आणि काहीच नाही यांच्यामध्ये पुष्कळ जागा असते: काही वर्षांचा निर्वाहखर्च, हप्त्याने देणी, हुन्नर शिकण्याची सोय. दाव्याची तपासणी करणाऱ्याने ही मधली जागा कोणी शोधली होती का, असे जरूर विचारावे. निघून जाण्याच्या जोडीला वाळीत टाकण्याची शिक्षा असेल, तर बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य कागदावरच उरते, असे धरावे.

सिद्धान्ताचा आधार कितपत घ्यावा

व्यक्तीची स्वतंत्र निवड केंद्रस्थानी ठेवणाऱ्या, अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सच्या 1971 मधील न्यायविचारावर अॅलास्डेअर मॅकिंटायर, मायकेल सँडेल, मायकेल वॉल्झर आणि चार्ल्स टेलर या विचारवंतांनी जी टीका केली, तिला समुदायवाद हे नाव पडले. त्यांपैकी अनेकांना ते नाव फारसे रुचले नाही. नाती, भाषा आणि परंपरा काढून टाकल्यावर निवड करणारा ‘मी’ उरतच नाही, हा त्या टीकेचा गाभा होय. तो मान्य केला तरी कोणत्याही विशिष्ट समुदायाच्या विशिष्ट मागणीला त्यातून आपोआप बळ मिळत नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. उलट बाजूने आयरिस मॅरियन यंग या राजकीय विचारवंत स्त्रीने 1990 मध्ये जिव्हाळ्याच्या, समोरासमोरच्या समुदायाच्या आदर्शावरच आक्षेप घेतला: त्यात भिन्नतेला जागा राहत नाही आणि अनोळखी माणसांनी एकत्र राहण्याचा शहरी अनुभव कमी लेखला जातो.

लहान आकार म्हणजे लोकशाही, हे समीकरणही तपासल्याशिवाय घेऊ नये. भारताच्या संविधान सभेत 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामसमुदायाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. गांधीजींच्या विचारात मात्र गाव हेच स्वराज्याचे पायाभूत एकक होते. त्याच महिन्यात सभेने ग्रामपंचायतींविषयीचे मार्गदर्शक तत्त्व स्वीकारले, जे पुढे अनुच्छेद 40 झाले. या वादातून एक कामाचा प्रश्न हाती लागतो: सत्ता खाली आणली तर ती खाली नेमकी कोणाच्या हाती पडेल, आणि तिच्याविरुद्ध दाद मागायला वरचा दरवाजा उघडा राहील का?

स्वतः दावा मांडायचा असेल तर

आपण तपासणीच्या दुसऱ्या बाजूला असू, म्हणजे एखाद्या समुदायाच्या वतीने आपल्यालाच निवेदन लिहायचे असेल, तर हेच प्रश्न स्वतःला विचारून घ्यावेत. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम हिने 1990 मध्ये पाणी, कुरणे आणि मासेमारी यांची दीर्घकाळ चाललेली सामायिक व्यवस्था अभ्यासून आठ तत्त्वे मांडली. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तिच्या तत्त्वांपैकी निवेदन लिहिणाऱ्याने निदान चार समोर ठेवावीत: सदस्य कोण हे स्पष्ट असावे, नियमांचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांना ते बदलण्यात भाग घेता यावा, पहिल्या चुकीला हलकी आणि पुढच्याला वाढती शिक्षा असावी, आणि तंटा स्वस्तात व लवकर मिटवण्याची जागा असावी. स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे पाणी-न्यायालय आजही दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात भरते, सुनावणी तोंडी व सर्वांसमोर होते आणि निवाडा तेथेच दिला जातो. शेवटच्या तत्त्वाचे इतके बोलके उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

निवेदनात ‘समुदायाची इच्छा’ असे मोघम न लिहिता अमुक तारखेच्या सभेत अमुक इतके सदस्य हजर होते, इतक्यांनी बाजूने आणि इतक्यांनी विरोधात मत दिले, असे लिहावे. विरोधकांचे मुख्य म्हणणे त्यांच्याच शब्दांत दोन ओळींत जोडावे. मसुदा पाठवण्यापूर्वी तो विरोधात मत दिलेल्यांपैकी एकाला वाचायला द्यावा आणि आपले म्हणणे बरोबर उतरले आहे का, एवढेच त्याला विचारावे. मागणी बाह्य संरक्षणाची असेल तर तिच्यात अंतर्गत निर्बंधाचे कलम शिरू देऊ नये. मान्य झालेल्या नियमाचा फेरविचार कोणत्या वर्षी आणि कोणत्या सभेत होईल, हे त्याच ठरावात नोंदवून ठेवावे.